आरेतून रात्री चालत जायचं तर

सेकंड शिफ्ट करून गोरेगावला उतरले की आरेत, म्हणजे मुंबईतल्या जंगलाच्या या भागात, शिरेपर्यंत साडेअकरा होतात. आत पाड्यापर्यंत यायला रिक्षावाले कुरकुरतात, म्हणून शेवटचा टप्पा पायी. नवे भाडेकरू विचारतात, "ताई, बिबट्याची भीती नाही वाटत?" त्यांना सांगते तेच इथे सांगते.

कानातले इअरफोन काढून पर्समध्ये टाका. गाणीच हवी असतील तर स्पीकरवर लावा. मी बातम्या लावते, त्या ऐकून कोणीही पळेल. मोबाइलचा टॉर्च पुरत नाही. साधी बॅटरी घ्या आणि कानशिलाशी धरा, म्हणजे प्राण्यांचे डोळे चमकताना दिसतात. गवतातले हिरवट-निळे बारीक ठिपके म्हणजे कोळी. कुंपणाच्या भिंतीवरचे दोन डोळे बहुतेक वेळा मांजराचे, नाहीतर उदमांजराचे. ते आपल्या वाटेला जात नाही.

बिबट्या दिसलाच तर एकच पक्कं: उभं राहायचं. पळायचं नाही, दगड उचलायलाही वाकायचं नाही. उभा माणूस त्याच्या खाण्यात बसत नाही. बसलेला, वाकलेला माणूस किंवा लहान मूल मात्र त्याला कुत्र्याएवढंच दिसतं. 2021 मध्ये इथेच एक बाई काठी टेकत आल्या आणि ओट्यावर बसल्या. बिबट्या मागेच होता, त्याने झडप घातली. त्यांनी त्याच काठीने त्याला हाणलं आणि तो पळाला. तेव्हा चपलेचा अंगठा तुटला तरी अनवाणी चाला, पण वाटेत बसू नका. मुलं बरोबर असतील तर कडेवर नाहीतर मधे. मोठ्याने बोलत, पाठ न फिरवता मागे सरा आणि त्याला निघायला वाट ठेवा. व्हिडिओसाठी घोळका करून त्याला कोंडणाऱ्यांना तर मी सरळ शिव्या घालते.

तो मुळात येतो कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात उकिरड्यासाठी. शिळं अन्न दाराबाहेर फेकू नका.

पावसाळ्यात मला बिबट्यापेक्षा घोणस या विषारी सापाची धास्ती जास्त. पाचोळ्याच्या रंगाची, जागची हलत नाही. कुकरसारखा फुत्कार ऐकू आला की आहात तिथेच थांबा, बॅटरीने शोधा, मगच मागे व्हा. बंद बूट घाला, रस्त्याच्या मधून चाला. चावलीच तर दोरी बांधणं, चिरा देणं काही नको. पाय न हलवता 108 ची गाडी बोलवा.

बिबट्या घरात किंवा तबेल्यात अडकला तर वनखात्याला 1926 वर कळवा. नुसता रस्ता ओलांडून गेला असेल तर पाच मिनिटं थांबा, मग चाला.