गोव्यात टॅक्स काढायचा तर आधी अर्धं-अर्धं करा

पुण्याचा माझा दीर दरवर्षी जुलैत फोन करतो, वहिनी आयटीआर १ (इन्कम टॅक्स रिटर्नचा सगळ्यात सोपा फॉर्म) भरून टाका हो, पाच मिनिटांचं काम. त्याचं असेल, आमचं नाही, कारण गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड (पोर्तुगीज काळापासून चालत आलेला लग्न-मालमत्तेचा कायदा) लागू असलेल्या नवरा-बायकोला आयकर कायदा १९६१ चं कलम ५ए लागतं, म्हणजे पगार सोडून बाकी सगळी कमाई, भाडं, व्याज, धंदा, शेअरचा नफा, कुणाच्याही नावावर असू दे, दोघांत निम्मी-निम्मी धरायची. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केला असेल तर गोष्ट वेगळी, पण तसा करार आमच्या नात्यात तरी कुणी केलेला मी बघितला नाही.

आता हिशोब. आकडे समजायला सोपे घेतलेत, आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी रिजीम (नवी करपद्धत), वय साठच्या आत.

नवऱ्याचा पगार ११,४०,०००, त्यातनं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) ७५,००० गेले, राहिले १०,६५,०००. ह्याला हात लावायचा नाही, हे पूर्ण त्याचंच.

पर्वरीचा फ्लॅट भाड्याने दिलाय, महिना ३०,०००, वर्षाचे ३,६०,०००. पंचायतीची घरपट्टी भरली ६,०००, ती वजा (खरोखर भरलेली हवी, पावती जपून ठेवा), राहिलेल्यातनं सरळ ३० टक्के वजा, तुम्ही घराला रंग लावा नाहीतर लावू नका. उरले २,४७,८००. एफडीचं व्याज ८२,२००. दोन्ही मिळून ३,३०,०००, निम्मे १,६५,००० त्याचे, १,६५,००० बायकोचे.

म्हणजे त्याचं इन्कम १२,३०,०००. स्लॅब असे: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या ३०,००० वर १५ टक्के म्हणजे ४,५००. झाले ६४,५००. पण थांबा, १२ लाखांपर्यंत रिबेट (टॅक्सची माफी) आहे आणि थोडंसंच वर गेलं तर टॅक्स त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत, त्यामुळे ३०,०००च, वर ४ टक्के सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर) १,२००, एकूण ३१,२००. बायकोचा शून्य.

वाटणी न करता सगळं त्याच्याच नावावर टाकलं असतं तर? इन्कम १३,९५,०००, सेस धरून टॅक्स ९२,८२०. पाच मिनिटं वाचवायला एवढे पैसे कोण घालवणार.

म्हणून आयटीआर १ चालत नाही, आमच्यासारख्या केसमध्ये आयटीआर २, आणि धंदा असेल तर ३ बघा. सुरुवातीलाच पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का विचारतात, तिथे हो म्हणायचं आणि बायकोचा पॅन टाकायचा, मग शेड्यूल ५ए (रिटर्नमधला वाटणीचा तक्ता) उघडतं, त्यात एकेका हेडखाली (कमाईच्या प्रकाराखाली) मिळालेली रक्कम आणि जोडीदाराचा वाटा.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स, तोपण वाटायचा, हे लोक हमखास विसरतात. व्याज ५०,०००च्या वर गेलं म्हणून बँकेने १० टक्के कापले ८,२२०, त्यातले ४,११० त्याचे. भरायचे उरले २७,०९०, कारण कंपनी फक्त पगार बघते आणि पगार १२ लाखांच्या आत म्हणून तिने काही कापलेलंच नाही. दहा हजाराच्या वर देणं आहे म्हणजे आगाऊ कर जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ तारखेला हप्त्याने भरायला हवा होता, नाहीतर महिन्याला १ टक्का व्याज बसतं.

आणि राहिलेले ४,११०? ते बायकोच्या रिटर्नमध्ये. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये दुसऱ्याच्या पॅनवर कापलेला टीडीएस असा पर्याय निवडायचा आणि नवऱ्याचा पॅन द्यायचा. पहिल्या वर्षी मी रिटर्न भरलंच नाही, म्हटलं माझ्यावर टॅक्सच नाही तर कशाला, आणि माझ्या वाट्याचा रिफंड तसाच गेला. आता आधी माझं भरते, मग ह्यांचं.