टेबलमध्ये दर असूनही लुआ निल का देत होती

मालाच्या दरांची, लुआ या प्रोग्रामिंग भाषेतली एक जुनी स्क्रिप्ट दुरुस्तीला माझ्याकडे आली. टेबलचं नाव दर, त्यातल्या की (ज्यांवरून किंमत शोधायची त्या खुणा) म्हणजे साध्या संख्या. क्रमांक टाइप केला की दर[क्रमांक] मधून किंमत मिळायला हवी. मिळत होतं निल, म्हणजे ‘काहीच नाही’. प्रिंट करून पाहिलं तर क्रमांक ७, आणि टेबलमध्येही ७ होताच.

प्रिंटवर इथे विसंबू नका. मूल्याचा प्रकार सांगणारं टाइप फंक्शन लावल्यावर उलगडा झाला: टाइप केलेली ओळ वाचणारं आयओ.रीड संख्या नाही, स्ट्रिंग (मजकूर) देतं. चौकोनी कंसात लुआ कीचा प्रकारही बघते, म्हणून दर[७] आणि दर["७"] या दोन वेगळ्या जागा. गोंधळ वाढतो तो बेरजेमुळे. "१०" + १ लिहिलं तर लुआ मुकाट्याने ११ देते, कीच्या बाबतीत मात्र स्ट्रिंगची संख्या कधीच करत नाही. (७.० चालतं, ते ७ च धरलं जातं.) शिवाय नसलेली की मागितली तरी एरर येत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट कोलमडायची ती बरीच पुढे, गुणाकाराच्या ओळीवर.

ओळ वाचल्यावर लगेच स्ट्रिंगची संख्या करणारं टूनंबर लावलं आणि दर दिसू लागले. कुणी अक्षरं टाइप केली तर टूनंबरही निलच देतं, म्हणून निल आलं का ही तपासणी दर शोधण्याआधी ठेवली.

एके ठिकाणी दर.क्रमांक असंही लिहिलेलं होतं. टिंबाचा अर्थ दर["क्रमांक"]. व्हेरिएबलमधली संख्या तिथे वापरलीच जात नाही. तिथेही कंस घातले.