काळ्या मातीत कमी पाण्यावर जगणारी बारमाही फुलझाडं

मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात तडकते. आधी मुळं कुजतात, वाचली तर भेगांत तुटतात. त्यामुळे रोप आणण्याआधी जागा नीट करा. पुढची निम्मी देखभाल तिथेच वाचते.

मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन पंधरा दिवस तापू द्या. तळाशी विटांचे तुकडे टाकायची पद्धत आहे, पण भारी जमिनीत त्याचा उपयोग नाही. पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते, खड्ड्याचा हौद होतो. त्याऐवजी चार घमेली माती, दोन घमेली तांबूस जाड मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि 200 ग्रॅम निंबोळी पेंड कालवून भरा आणि जमिनीपासून अर्धा फूट उंच उंचवटा करा. पांढरट, चुनखडीचा मुरूम नको. कच्चं शेण तर मुळीच नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. लावणी जून-जुलैत दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, वाफसा आला (माती ओलसर पण न चिकटणारी झाली) की करा. चिखलात लावलं तर माती मुळांभोवती दगडासारखी आवळते.

इथे निर्धास्त लावावीत अशी झाडं म्हणजे कण्हेर, बोगनवेल, देवचाफा, तगर, मोगरा, सदाफुली, गोकर्ण. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं किंवा जनावरं असतील तर कण्हेर अंगणात नकोच. एक्झोरा दिसायला सुंदर, पण चुनखडीच्या जमिनीत पिवळा पडत जातो.

चाफ्याची फांदी फेब्रुवारीत कापा, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मगच लावा. ओली लावली की बुडातून सडते.

पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी भरपूर पाणी द्या. रोजचं शिंपण टाळा, त्याने मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून आठ-दहा दिवसांनी पुरतं. बुडाशी तीन इंच सोयाबीनचं भुसकट पसरा, मात्र खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते.

बोगनवेल नुसती पानं काढत असेल तर पाणी किंवा युरिया जास्त होतोय. पाणी तोडा, पानं मलूल दिसू लागली की पुन्हा द्या. मोगऱ्यालाही ताण लागतो: डिसेंबरात पाणी बंद, जानेवारीअखेर छाटणी, मग दोन ओंजळी शेणखत आणि पाणी. नव्या फुटव्यांवरच कळ्या येतात, म्हणून छाटणी चुकवू नका.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर मात्र हे फवारू नका. आधी बुडाशी पाणी साचतंय का ते पाहा आणि उतारावर चर काढून द्या.