स्प्रिंग रोल मऊ पडत होते, त्यावर सापडलेला इलाज

व्हिएतनामी तळलेल्या रोलच्या सारणात अळकुडीसारखा कंद घालतात, म्हणून गाजराच्या जोडीला मीही अळकुडी घेतली. रोल कढईतून कुरकुरीत निघायचे आणि ताटात येईस्तोवर पार लिबलिबीत! सगळा दोष गाजराच्या पाण्याचा. आता गाजराच्या किसाला मीठ चोळून १५ मिनिटं ठेवते, मग पंच्यात घट्ट पिळते. निघालेलं पाणी आमटीत जातं. अळकुडी मात्र पिळत नाही, तिच्या चिकटपणानेच सारण धरून राहतं. किसताना हाताला तेल लावा, आणि परतताना ती नीट शिजू द्या, नाहीतर घसा खवखवतो. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरायचं, कडा मैद्याच्या खळीने चिकटवायच्या. तळलेले रोल कागदावर न पसरता जाळीवर ठेवले, की खालची बाजूही कुरकुरीत राहते.