ओंडक्यांच्या घरातील फटी बुजवताना

एकावर एक ओंडके रचून उभारलेली भिंत कधीच पूर्णपणे स्थिर नसते. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, परंतु जाडीत चांगलेच आटते. शिवाय दमट हवेत ते फुगते आणि कोरड्या हवेत पुन्हा आकसते. त्यामुळे नव्या घराची भिंत पहिली काही वर्षे खाली बसत जाते, आणि जुन्या घरातही दोन ओंडक्यांमधली फट ऋतूनुसार कमीजास्त होत राहते. फटीत भरलेला मसाला ही हालचाल सोसू शकला, तरच काम टिकते. नाहीतर कितीही सफाईने लिंपले तरी वर्षा-दोन वर्षांत कडा सुटतात.

सुरुवात तपासणीने करावी. वाऱ्याच्या दिवशी दारे-खिडक्या बंद करून पेटती उदबत्ती फटींच्या कडेने हळूहळू फिरवली, की धूर जिथे थरथरतो किंवा एका बाजूला ओढला जातो तिथे हवा शिरते आहे हे कळते. ओंडके एकमेकांना छेदतात ते कोपरे, चौकटींच्या कडा आणि छताखालचा शेवटचा ओंडका यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गळती बहुधा तिथेच असते. त्याच वेळी टोच्या घेऊन लाकूड टोचून पाहावे. टोक सहज आत रुतत असेल तर लाकूड कुजले आहे, आणि कुजके लाकूड दुरुस्त केल्याशिवाय फट बुजवणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय. लाकडातील ओलावा मीटरने मोजावा; तो १९ टक्क्यांच्या वर असल्यास लाकूड वाळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

पूर्वी या फटींत शेवाळ, गवत मिसळलेली माती किंवा चुन्याचा मसाला भरत असत. हे पदार्थ मऊ होते आणि त्यांतून ओल बाहेर पडू शकत असे. पुढे त्यांच्या जागी कडक सिमेंट आले आणि नुकसान सुरू झाले. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, त्यामुळे त्याच्या कडेला केसाएवढी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जाते आणि आतच कोंडून राहते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत असते, आणि पटाशीने सिमेंटचा तुकडा उचकटला की मागचे लाकूड भुशासारखे हाताला लागते. घर ऐतिहासिक मोलाचे असेल तर मूळच्यासारखाच चुन्याचा मसाला वापरावा. अन्यथा ओंडक्यांच्या घरांसाठीच बनवलेले ॲक्रिलिकचे लवचीक भराव-मिश्रण मला अधिक योग्य वाटते. फुगणाऱ्या फोमच्या डब्याचा मोह मात्र टाळावा, कारण तो फोम कडक होतो, चहूबाजूंनी चिकटतो आणि उन्हाने झिजतो.

जुना सुटलेला मसाला, धूळ आणि विशेषतः सिलिकॉनचे अवशेष पूर्णपणे काढून टाकावेत. लाकडावर मेण किंवा तेलाचा थर असल्यास भराव नीट धरत नाही, म्हणून आधी एखाद्या आडोशाच्या जागी हातभर लांबीचा नमुना लावून, तो वाळल्यावर ओढून पाहावा.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच घाईत वगळला जातो. फटीत आधी बंद छिद्रांच्या पॉलिथिलीन फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवावी. ती फटीपेक्षा सुमारे पाव पटीने जाड असावी. २० मिलिमीटरच्या फटीला २५ मिलिमीटरची दोरी पुरते. या दोरीमुळे भरावाची खोली आटोक्यात राहते. पण तिचे खरे काम वेगळेच आहे. भराव तिला चिकटत नाही, त्यामुळे तो फक्त वरच्या आणि खालच्या ओंडक्याला धरून राहतो आणि ओंडके दूर सरकले की मधला भाग मोकळेपणाने ताणला जातो. पाठही चिकटलेली असेल, तर ताणायला जागाच उरत नाही आणि भराव फाटतो. दोरी बोथट लाकडी पट्टीनेच आत ढकलावी. अणकुचीदार हत्याराने तिला भोक पडले, तर उन्हात आतली हवा बाहेर येऊन ओल्या भरावावर फुगे धरतात.

भरण्यासाठी साधारण ५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचा कोरडा दिवस निवडावा आणि सावली असलेल्या भिंतीपासून सुरुवात करावी. फटीच्या वर-खाली मास्किंग टेप लावून गनने, म्हणजे नळीतला भराव दाबून बाहेर काढणाऱ्या हत्याराने, भराव सोडावा, तो दोन्ही ओंडक्यांवर घट्ट दाबावा आणि मध्यभागी सुमारे १० मिलिमीटर जाडी ठेवून थापीने सारखा करावा. पाण्याचा फवारा अगदी हलका मारावा, कारण जास्त पाण्याने पृष्ठभाग धुऊन निघतो. भरावाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे खालच्या ओंडक्यावर पाणी साचणार नाही. साय धरण्यापूर्वी टेप काढावी, आणि पावसाची शक्यता असल्यास भिंतीपासून थोडे अंतर सोडून प्लास्टिकचा पडदा टांगावा. पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात.

मालाचा अंदाज सोपा आहे: ५ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड भरावाला दर मीटरला अर्धा लिटर मिश्रण लागते.

ओंडक्यालाच पडलेल्या भेगांपैकी वरच्या बाजूला तोंड असलेल्या आणि ६ मिलिमीटरपेक्षा रुंद भेगा याच पद्धतीने भराव्यात. खाली तोंड असलेल्या भेगांतून पाणी आपोआप निथळते, त्यामुळे त्या उघड्याच ठेवाव्यात. वर्षभराने सर्व सांध्यांवरून अंगठा दाबत फिरावे, आणि जिथे कड सुटलेली आढळेल तेवढाच तुकडा कापून नव्याने भरावा.