सीआरटी मॉनिटर मधूनच धूसर होतोय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

मधूनच धूसर होणाऱ्या सीआरटी मॉनिटरवर, म्हणजे जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरवर, जो तो एकच उपाय सांगतो, आतला फोकसचा स्क्रू फिरवा. कृपया सुरुवात तिथून करू नका. फिरवला की तेवढ्यापुरतं चित्र साफ होतं, पण दोष जिथल्या तिथे राहतो आणि आधीचं सेटिंग कुठे होतं तेही हातचं जातं.

आधी केबल हलवून बघा, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढलं जातं तो आकडा) कमी करून बघा. मग चित्र धूसर असतानाच मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. तो मॉनिटरच्या आतच तयार होतो, त्यामुळे मेनूची अक्षरं स्वच्छ आणि बाकीचं धूसर असेल तर गडबड केबलमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात आहे, मॉनिटर उघडूच नका. मेनूपण धूसर असेल तर दोष आत आहे.

धूसर होताना चित्र फुगून मोठंही होत असेल तर हाय व्होल्टेजच डळमळतंय. आकार तसाच राहून फक्त अक्षरं पसरत असतील तर चित्र रेखीव ठेवणारं फोकस व्होल्टेज हलतंय, आणि खरी डोकेदुखी इथेच आहे.

हे व्होल्टेज साधारण ५ ते ८ हजार व्होल्ट असतं. ते फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातून निघतं आणि एका जाड वायरने ट्यूबच्या मानेवरच्या (मागच्या निमुळत्या टोकावरच्या) सॉकेटमध्ये येतं. दोष फ्लायबॅकचा की सॉकेटचा हे ओळखताना मीही बरेच दिवस अडलो होतो, कारण लक्षणं जवळपास सारखीच. वाट्टेल तो माणूस 'फ्लायबॅक गेला' म्हणून मोकळा होतो, पण माझं स्पष्ट मत आहे की आधी सॉकेटवर संशय घ्यायचा. त्यात फोकसच्या पिनजवळ स्पार्क गॅप (जादा व्होल्टेज ठिणगीने निघून जावं म्हणून ठेवलेली बारीक फट) असतो, तिथे दमट हवेने गंज आणि धूळ साचते आणि व्होल्टेज झिरपायला लागतं. फ्लायबॅकमधला रेझिस्टन्स इतका प्रचंड असतो की एवढीशी गळतीसुद्धा व्होल्टेज खाली ओढते. थंड असताना धूसर, तापल्यावर आपोआप साफ, पावसाळी हवेत जास्त त्रास, मधेच टिक आवाज, ही सॉकेटची लक्षणं. उलट सुरुवातीला छान आणि तापल्यावर हळूहळू धूसर होत गेलं तर फ्लायबॅक. थंड असताना फक्त एकाच रंगाची कड पसरत असेल तर मात्र ट्यूब थकलेली असू शकते.

खात्री करायची तर उघडावं लागेल, आणि इथे खरंच जपा. प्लग काढल्यावरही ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला वायर लावून तिचं दुसरं टोक ट्यूबला गुंडाळलेल्या उघड्या तारेच्या पट्टीला जोडा, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक अॅनोडच्या, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेजची जाड वायर जिथे लागते तिथल्या, रबरी टोपीखाली सरकवा, एक हात मागे ठेवून. थोड्या वेळाने पुन्हा करा, कारण चार्ज परत येतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरपासूनही लांब राहा. हे करायची सवय नसेल तर जाणत्या मेकॅनिककडेच द्या, उगाच धाडस नको.

मग बंद मॉनिटरवरच हेअर ड्रायरने लांबून फक्त सॉकेट थोडं गरम करा, कव्हर लावा आणि चालू करा. एरवी धूसर सुरू होणारा मॉनिटर लगेच साफ आला तर सॉकेटच. ते काढताना सरळ मागे ओढा, पिळू नका, मान काचेची असते. फोकसच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर बदला, घासून फार दिवस चालत नाही. साध्या मल्टीमीटरने सॉकेट ठीक दिसलं तरी विश्वास ठेवू नका, ही गळती मोठ्या व्होल्टेजलाच दिसते. आणि चालू मॉनिटरवर फोकसच्या वायरला मल्टीमीटर तर अजिबात लावायचा नाही.

नवीन सॉकेट बसवलं की अर्धा तास तापू द्या, फोकस स्क्रूच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा आणि मगच प्लास्टिकच्या ड्रायव्हरने तो फिरवा. शेजारचा 'स्क्रीन' लिहिलेला स्क्रू हलवायचा नाही. बारीक अक्षरांचं पान पूर्ण स्क्रीनवर ठेवून मधला भाग आणि कोपरे दोन्ही वाचता येतील तिथे थांबा.