निधनवार्ता लिहिताना

घरातले माणूस गेल्यावर काही तासांतच वर्तमानपत्रासाठी आणि व्हॉट्सॲपसाठी मजकूर लागतो आणि ते काम घरात त्यातल्या त्यात सावरलेल्या माणसाकडे येते. हे टिपण त्याच्यासाठी आहे.

पहिले वाक्य ठरलेल्या साच्यातच असावे : गाव, ओळख, पूर्ण नाव, कंसात वय, निधनाचा दिवस. कारण सांगायचे नसेल, तर ‘अल्पशा आजाराने’ एवढे पुरते. ‘कै. अमुक यांचे निधन झाले’ असे मात्र लिहू नये. निधनाच्या वाक्यात नाव साधेच ठेवावे आणि ‘कै.’ दशक्रियेच्या किंवा श्रद्धांजलीच्या मजकुरात लावावे. तिथेही वारकऱ्यासाठी ‘वै.’ (वैकुंठवासी), बौद्ध घरात ‘कालकथित’, तर देवधर्म न मानणाऱ्यासाठी ‘दिवंगत’, असे गेलेल्या माणसाने आयुष्यभर जे मानले त्याला धरून लिहावे.

अंत्यसंस्काराची वेळ तारीख-वारासह द्यावी. पुणेकराला नुसते ‘वैकुंठ’ कळते. बाहेरगावाहून येणाऱ्यासाठी ‘वैकुंठ स्मशानभूमी, नवी पेठ’ असे लिहावे लागते.

सर्वांत जास्त वेळ मधल्या दोन ओळींना द्यावा. माझी आत्या गेली तेव्हा ‘मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या’ असे छापून आले आणि पुढे दोन्ही भावांचे हुद्दे आले. तिने तीस वर्षे पोस्टात नोकरी केली होती, आणि लिहिता न येणाऱ्या शेजारणींचे मनीऑर्डरचे फॉर्म ती रविवारी ओट्यावर बसून भरून देत असे, हे त्यात कुठेच नव्हते. ते मला आजही सलते. मनमिळाऊ कोणालाही म्हणता येते. फॉर्म भरून देणारी ती एकच होती. म्हणून विशेषणे गाळावीत आणि त्या माणसाने हाताने केलेले एक काम लिहावे. स्त्रीच्या बाबतीत हे अधिकच सांभाळावे, कारण तिची ओळख अमक्याची आई, तमक्याची पत्नी यातच संपवण्याची आपल्याला सवय आहे.

‘त्यांच्या पश्चात’ची यादी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी. लग्न झालेल्या मुली आणि जावई घाईत राहून जातात आणि ते दुःख वर्षानुवर्षे राहते. संपर्कासाठी एकच क्रमांक द्यावा, तोही पुतण्या-भाच्याचा. त्या दिवशी जोडीदाराला फोन घ्यायला लावू नये.